एका गावाच्या पाच हद्दी: मर्थर टिडविलचा नकाशा इंदूरच्या टेबलावर

माझी लेक दोन वर्षांपासून वेल्समध्ये मर्थर टिडविलला आहे. घर शहराच्या उत्तर टोकाला, केवन कोएडमध्ये. मागच्या दिवाळीत फोनवर म्हणाली, "बाबा, शेजारच्या आजी सांगतात की त्या मर्थरच्या नाहीतच, ब्रेकनशायरच्या आहेत. पण कचऱ्याची गाडी मर्थरची येते, घरपट्टी मर्थरला जाते. मग खरं काय?"

मी इंदूरला अडतीस वर्षं नक्शानवीस होतो. ट्रेसिंग पेपरवर हद्दी उतरवणं हे माझं रोजचं काम. म्हणून प्रश्न मी अंगावर घेतला. दोन महिने लागले आणि उत्तर निघालं: आजींचं बरोबर आहे, घरपट्टीवाल्यांचंही बरोबर आहे. गावाला एकच शीव नसते. चर्चची वेगळी, मतदानाची वेगळी, गरिबांना मदत देणाऱ्यांची वेगळी, नगरपालिकेची वेगळी, जिल्ह्याची वेगळी. प्रत्येक रेषा वेगळ्या साली, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कामासाठी ओढलेली असते आणि सगळ्या एकाच नावाखाली फिरत असतात. कुठल्याही गिरणीगावाचा किंवा खाणगावाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल तर ह्या रेषा सुट्या करून बघाव्या लागतात. ते कसं करायचं ते इथे लिहितो.

एका घरापासून सुरू करा

बहुतेक जण स्थापनेचं साल शोधत बसतात. मर्थरला त्याचा उपयोग नाही. पाचव्या शतकातली संत टिडविल, परंपरेप्रमाणे ब्रिखन राजाची मुलगी, तिथे मारली गेली आणि तिच्यावरून नाव पडलं असं सांगतात. त्यापुढची तेराशे वर्षं ते डोंगरातलं खेडंच होतं. लोखंडाचा दगड, कोळसा, चुनखडी आणि पाणी हे चारही तिथे हाताच्या अंतरावर होतं. म्हणून 1759 मध्ये डाउलैस, 1763 मध्ये प्लिमथ, 1765 मध्ये कवार्थ्वा आणि 1784 मध्ये पेनिडॅरेन असे चार कारखाने उभे राहिले, आणि 1801 च्या जनगणनेत हे वेल्समधलं सर्वांत मोठं गाव निघालं.

गाव म्हटलं तरी ते चार भट्ट्यांभोवती वाढलेल्या चार वस्त्या होत्या. हे इंदूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी परदेशीपुऱ्यात वाढलो. मालवा मिलचा चौक, पाटणीपुरा, पलीकडे नंदानगर. कोण कुठला हे मिलच्या नावानेच सांगायची पद्धत होती. अनंत चतुर्दशीच्या झांक्याही, म्हणजे मिरवणुकीतले देखावेही, मिलच्याच नावाने निघत. अशा गावाला मध्य सापडत नाही आणि कडाही लवकर सापडत नाही.

म्हणून गाव बाजूला ठेवा आणि एक घर निवडा. मी लेकीचंच घर घेतलं. मग तीन साली त्या घराला एकच प्रश्न विचारायचा: तू कुणाकुणाच्या हद्दीत होतास? मी 1831, 1911 आणि 1980 घेतली. सालं अशी घ्या की मधल्या काळात काहीतरी मोठं घडलेलं असेल.

पहिला कागद पाण्याचा

सामान फार लागत नाही. सहा ट्रेसिंग पेपर, पाच रंगांची बारीक पेनं, एक स्केलपट्टी आणि दिवसा उजेड येणारी खिडकीची काच. नकाशे घरबसल्या मिळतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे, वेल्सचे धरून, फुकट बघायला ठेवले आहेत. जुना आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी उघडता येतो. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे एकोणिसाव्या शतकातले टाइदचे, म्हणजे चर्चच्या दशमांश कराचे नकाशे आहेत. त्यांत शेत न् शेत दिसतं. आपल्या पटवाऱ्याच्या खसऱ्याची आठवण येते.

पहिल्या कागदावर फक्त पाणी काढा: नद्या, ओढे, झरे. रस्ते नकोत, घरं नकोत. रस्ते बदलतात, आणि जुन्या हद्दी बहुतेक पाण्याला धरूनच असतात. मर्थरच्या उत्तरेला दोन नद्या येतात, टॅफ वाउर आणि टॅफ वेखन. थोरली टॅफ आणि धाकटी टॅफ. त्यांचा संगम केवन कोएडला होतो. गावाच्या पुऱ्या नावातच 'कमर' आहे, आणि वेल्श भाषेत त्याचा अर्थ संगम. आमच्याकडे कान्ह आणि सरस्वती शहराच्या पोटात भेटतात, तिथे ह्या दोन नद्या शहराच्या वेशीवर भेटतात. पुढे सगळा घोळ ह्या संगमानेच घातला आहे. दोन नद्यांच्या मधला पट्टा वेनोर पॅरिशचा (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख), म्हणजे ब्रेकनशायर जिल्ह्याचा. धाकट्या टॅफच्या पलीकडे मर्थरचं पॅरिश, म्हणजे ग्लॅमॉर्गन जिल्ह्याचं. लेकीचं घर मधल्या पट्ट्यात.

पूर्वेकडे बारगोड टॅफ नावाचा ओढा आहे, मर्थर आणि गेलिगायर ह्या दोन पॅरिशच्या मध्ये. 'बारगोड' ह्या वेल्श शब्दाचा अर्थ पाहिला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. घराच्या छपराचा बाहेर आलेला काठ, जिथून पावसाचं पाणी खाली पडतं. म्हणजे आपली वळचण. त्यावरूनच सीमा हा अर्थ आला. एका घराची वळचण संपते तिथे दुसऱ्याची जागा सुरू होते, हे भांडण आपल्या वाड्यांतही होतंच. नकाशावरची नावं अशी फोडून बघायची सवय लावा. सीमा कुठून जात होती ते पुष्कळदा नावातच लिहिलेलं असतं.

पाणी नीट काढण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी हात जोडून सांगतो. मर्थरच्या दक्षिणेला, टॅफच्याच खोऱ्यात, ॲबरव्हॅन आहे. 21 ऑक्टोबर 1966 ला सकाळी डोंगरावरचा खाणीच्या मातीचा ढीग घसरून शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. तो सात नंबरचा ढीग झऱ्यावर रचला होता, आणि तो झरा सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर आधीपासून दाखवलेला होता. नकाशा होता, कुणी तो उघडून पाहिला नाही. माझ्या कागदावर त्या उतारावरचे झरे निळ्या पेनाने काढताना हात जड झाला. तुम्हीही ते झरे सोडू नका.

रेषा वाचायची अक्षरं

25 इंची नकाशे, म्हणजे एका मैलाला सुमारे 25 इंच, पुरेसे मोठे करून बघा. ठिपक्यांच्या रेषेशेजारी बारीक अक्षरं दिसतील. ती हद्दीची भाषा आहे. सी. आर. म्हणजे नदीच्या मधोमध. सी. एस. म्हणजे ओढ्याच्या मधोमध. एफ. डब्ल्यू. म्हणजे भिंतीच्या दर्शनी बाजूने. आर. एच. म्हणजे कुंपणाच्या झुडपांच्या मुळाशी. त्याच्या आधी चार फूट लिहिलं असेल तर मुळापासून चार फूट बाहेर. यू. एन. डी. म्हणजे जागेवर काहीच खूण नाही. मोजणीदाराने उन्हापावसात बांधाबांधाने फिरून, गावातल्या जाणत्यांना विचारून ही अक्षरं लिहिलेली असतात. आपल्याकडे गिरदावर चतुःसीमा लिहून घेतो तशीच.

सी. आर. लिहिलेलं असेल तर अर्धी नदी एका जिल्ह्याची आणि अर्धी दुसऱ्याची. पूल असेल तर तोही मधोमध वाटलेला. नुसती "नदी ही सीमा" असं लिहून मोकळं होऊ नका, काठ की मध्य ते टिपा.

छापताना एक काळजी घ्या. मी दुसरं पत्रक आमच्या भागातल्या एका दुकानात छापून घेतलं. त्यांनी ते कागदात बसवण्यासाठी थोडं लहान केलं आणि मला सांगितलं नाही. दोन कागद एकमेकांवर ठेवले तर संगम दोन सूत सरकलेला. आठ दिवस मी समजत होतो की हद्दच बदलली. म्हणून प्रत्येक कागदावर न हलणाऱ्या तीन जागी फुल्या मारा. मी दोन नद्यांचा संगम, मर्थरचं संत टिडविलचं चर्च आणि 1866 चा पंधरा कमानींचा केवन कोएडचा रेल्वेपूल घेतला. फुल्या जुळल्या तरच पुढे चला. जुन्या नकाशावर पूल नसेल तर दुसरं चर्च शोधा.

पाच रेषा, पाच रंग

दुसरा कागद पॅरिशचा. ही सर्वांत जुनी रेषा, सोडू नका. वेनोरच्या चर्चच्या आवारात रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशेची कबर आहे. कवार्थ्वाचा हा मालक 1879 मध्ये गेला. कबरीवर भली मोठी शिळा आणि तिच्यावर नावाखाली तीनच शब्द, ज्यांचा अर्थ "देवा, मला क्षमा कर". मर्थरचा सर्वांत मोठा लोखंडवाला मर्थरच्या हद्दीत नाही, नदीपलीकडे ब्रेकनशायरच्या मातीत पुरलेला आहे. कागदावर मी तिथे छोटी खूण केली. पॅरिशची रेषा कशी माणसांच्या आयुष्यावरून जाते ते त्या एका खुणेत दिसतं.

तिसरा कागद मतदानाचा, आणि मला सर्वांत जास्त शिकवलं ते ह्याने. 1831 च्या जूनमध्ये मजुरीकपात आणि कर्जवसुलीच्या कोर्टाला कंटाळून मर्थरचे कामगार उठले, लाल झेंडा घेऊन. डिक पेंडेरिन नावाच्या तरुण खाणकामगाराला 13 ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी झाली. तेव्हा ह्या गावाला पार्लमेंटात स्वतःचा एकही माणूस नव्हता. पुढच्याच वर्षी, 1832 च्या सुधारणेत, एक जागा मिळाली. मतदारसंघ काढताना मर्थरबरोबर शेजारच्या खोऱ्यातलं ॲबरडेअर आणि वेनोरचा काही भागही घेतला, म्हणजे केवन कोएडची वस्ती आली. पहिला खासदार कोण? डाउलैसचा मालक जोसाया जॉन गेस्ट. 1868 पासून दोन जागा झाल्या आणि 1900 मध्ये त्यांतल्या एका जागेवर कामगारांचे पुढारी केअर हार्डी निवडून आले. 1918 मध्ये ॲबरडेअर वेगळं झालं. 1983 मध्ये मर्थरला शेजारच्या रिम्नीशी जोडलं, आणि 2024 मध्ये पुन्हा ॲबरडेअरशी. 1832 आणि 2024 चे कागद एकमेकांवर ठेवा. सगळं जुळत नाही, पण दोन खोरी पुन्हा एकत्र आलेली दिसतात.

चौथा कागद गरीब मदतीच्या युनियनचा, म्हणजे त्या कामासाठी एकत्र केलेल्या पॅरिशांचा, 1836 पासूनचा. ही रेषा मोठी आहे: ॲबरडेअर, गेलिगायर, वेनोर, पेंडेरिन सगळं पोटात घेते. जन्ममृत्यूच्या नोंदी ह्याच धाटणीच्या मोठ्या जिल्ह्यावार मिळतात, म्हणून घराण्याचा शोध घेणाऱ्यांनी हा कागद आधी करावा. कागदावर "मर्थर टिडविलला जन्म" लिहिलेला माणूस प्रत्यक्षात दोन डोंगरांपलीकडचा असू शकतो.

पाचवा नगरपालिकेचा. 1849 च्या पटकीत मर्थरमध्ये हजाराच्या वर माणसं गेली, मग 1850 मध्ये आरोग्य मंडळ आलं. पण पुरी नगरपालिका व्हायला 1905 साल उजाडलं. पन्नास वर्षं अडलं कारण कारखान्यांच्या मालकांना कर नको होता. 1908 मध्ये काउंटी बरोचा दर्जा मिळाला, म्हणजे जिल्ह्याच्या ताब्यातून सुटका. ॲबरव्हॅन, ट्रेहॅरिस ह्या रेषेच्या आत होते. केवन कोएड बाहेर.

सहावा जिल्ह्याचा. 1974 मध्ये जुने जिल्हे मोडले. मर्थरचा स्वतंत्र दर्जा गेला आणि तो मिड ग्लॅमॉर्गन ह्या नव्या जिल्ह्याचा एक भाग झाला, पण त्याच वेळी वेनोर आणि बेडलिनॉग त्यात आले. वळचणीचा ओढा ओलांडून रेषा पुढे गेली. 1996 मध्ये ती रेषा ठेवून स्वतंत्र दर्जा परत दिला.

आता लेकीचं घर बघा. 1831: पॅरिश वेनोर, जिल्हा ब्रेकन. 1911: कारभार ब्रेकनशायरच्या ग्रामीण मंडळाचा, मत मर्थरला. 1980: कारभार मर्थरचा, मत ब्रेकन-रॅडनर मतदारसंघाला. अगदी उलटापालट. कागद खिडकीला लावून मी हे पाहिलं तेव्हा हिला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. सत्तर वर्षांत घर वीतभरही हललं नाही, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जागी जाऊन बसली.

आकड्यांची वेगळी वही

वहीत चार रकाने आखा: साल, आकडा, कुठल्या रेषेतला, कुठून घेतला. तिसरा रकाना रिकामा असेल तर आकडा शाईने लिहू नका.

1851 ची मर्थर टिडविलची लोकसंख्या शोधली तर एका ठिकाणी 46 हजार मिळते, दुसऱ्या ठिकाणी 63 हजार. दोन्ही खऱ्या, दोन्ही त्याच जनगणनेतल्या. पहिली पॅरिशची, दुसरी मतदारसंघाची, ॲबरडेअर धरून. मी सुरुवातीला 1801 चे पॅरिशचे 7,705 आणि आजचे सुमारे 59 हजार अशी थेट तुलना लिहून लेकीला पाठवली होती. ती चुकीची होती, कारण आजच्या आकड्यात वेनोर आहे, बेडलिनॉग आहे. मग दुरुस्त करून पाठवली. 1911 चे जवळजवळ 81 हजार आणि 1931 चे 71 हजार मात्र एकाच काउंटी बरोचे. ती घट खरी आहे. माणसं खरोखर गाव सोडून गेली.

का गेली ते रेषेवरूनच कळतं. डाउलैसवाल्यांनी 1891 मध्ये कार्डिफच्या बंदराजवळ नवा कारखाना काढला, कारण खनिज आता परदेशातून जहाजाने येत होतं. 1930 मध्ये डाउलैसचं मुख्य काम थांबलं. काउंटी बरो असल्यामुळे गरिबांना मदत द्यायची ती मर्थरने आपल्याच हद्दीतल्या करातून. आत बेकार वाढले, आणि कर देणारा कारखाना बंद. ज्या दर्जासाठी 1908 पर्यंत झगडले तोच गळ्याशी आला. 1935 मध्ये शाही आयोगाने हा दर्जा काढून घ्यावा असं सुचवलं, तरी तो राहिला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राजा आठवा एडवर्ड डाउलैसला येऊन बंद कारखाना बघून गेला. म्हणून रेषा हलली किंवा हलता हलता राहिली की विचारायचं: कर कुणाचा आणि खर्च कुणाचा? मिलच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप सुचतो. माझ्या वडिलांची मिल बंद पडली तेव्हा आमच्या गल्लीत पहिली काळजी हीच होती की आता नळाचं आणि दिव्याचं कोण बघणार.

नावांचा शोध

वेल्श लिपीत एफ हा 'व' असतो. त्यामुळे वेनोर कुठे व्हीने लिहिलेलं सापडेल तर कुठे एफने. एकाने शोधून मिळालं नाही म्हणून सोडून देऊ नका. मी वहीत सगळी नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आणि समोर रोमन स्पेलिंगचे सगळे प्रकार. त्यासाठी लेकीकडून आजींचा आवाज फोनवर मागवला. कवार्थ्वा कसं म्हणायचं ते त्यांच्याकडूनच कळलं.

जुन्या माणसांना विचारताना "तुमचं गाव कुठलं" असं विचारू नका. शाळा कुठे होती, मत कुठे टाकत होता, लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं, दिवे कोण लावत असे, हे विचारा. प्रत्येक उत्तराचा एक वेगळा कागद असतो.

मग आपल्या गावाचं

हे सगळं इंदूरला लावून बघतो आहे. पाण्याचा कागद झाला. होळकरांच्या शहराची रेषा आणि ब्रिटिश रेसिडेन्सीची रेषा वेगवेगळ्या काढल्या. जुन्या जनगणनेचा आकडा घेताना त्यात रेसिडेन्सी धरली आहे का, ते आधी बघावं लागतं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस ह्यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला शहराचा मोठा अहवाल दिला, त्याने नद्या आणि मिलच्या वस्त्या जागेवर बसवायला फार मदत झाली. 1956 ला नगर निगम झाली. 2014 मध्ये 29 गावं निगमच्या हद्दीत आली: निपानिया, बिजलपूर, कनाडिया आणि बाकीची. त्या गावांच्या जुन्या शिवा पटवारी नकाशात आहेत, बांधाबांधाने.

त्यांतली निपानियाची शीव माझ्या कागदावर अजून पेन्सिलीतच आहे. एका कोपऱ्यावर दोन नकाशे नाल्याच्या वेगवेगळ्या काठांनी जातात आणि फुल्या जुळूनही रेषा जुळत नाही. ओढून ताणून जुळवायची नाही, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. पाऊस उघडला की तिथल्या एका पटेलबाबांबरोबर नाल्याच्या काठाने चालत जायचं ठरलं आहे. त्यांच्या आजोबांचा आंबा त्या शिवेवर होता, असं ते म्हणतात.